खानदेशातून ब्लेडवर धावू पाहणाऱ्या मुलींसाठी

पाय गमावलेल्या मुलीने शंभर मीटर धावण्याची इच्छा बोलून दाखवली, की घरचे प्रथम ब्लेडची किंमत विचारतात. माझ्या मते आधी सॉकेटकडे, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर (खुंटावर) बसणाऱ्या पोकळ वाटीकडे पाहावे. ब्लेड म्हणजे कार्बन फायबरचे वळवलेले पाते. ते पाऊल टेकताना दबते आणि उचलताना साठलेला जोर परत देते, पण हा सारा भार अखेर सॉकेटमधल्या खुंटावरच येतो. सॉकेट सैल असेल किंवा टोचत असेल, तर महागडे पातेही कामाचे नाही. जयपूर फूट शर्यतीसाठी बनवलेला नाही. तरीही ब्लेड हाती येईपर्यंत त्याच्यावर तोल सांभाळण्याचा आणि कंबर-मांड्यांची ताकद वाढवण्याचा सराव जरूर करावा.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि घामाने लायनर, म्हणजे खुंट आणि सॉकेट यांच्यामधले मऊ आवरण, घसरू लागतो. म्हणून उजाडताच मैदानावर जावे आणि दर दोन-तीन धावांनंतर सॉकेट काढून खुंट व लायनर सुती कापडाने कोरडे करावेत. खुंटावरची लाली दहा-पंधरा मिनिटांत ओसरली नाही, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा. पाळीच्या दिवसांत काही जणींचा खुंट किंचित फुगतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात नीट बसणारे सॉकेट अचानक घट्ट होते. अशा वेळी आतला मोजा पातळ घालावा. पुरुष प्रशिक्षकाला हे सांगताना मुली संकोचतात आणि दुखणे अंगावर काढतात, याचे मला फार वाईट वाटते. आईने किंवा बहिणीने पाळीच्या तारखांची वही ठेवावी.

कापसाच्या काळ्या रानात सराव करू नये. पावसाळ्यात पाते चिखलात रुतते, तर उन्हाळ्यात भेगेत अडकते. मुरूम दाबून केलेले मैदान बरे, आणि स्पर्धेपूर्वी काही दिवस पुण्याच्या बालेवाडीसारख्या सिंथेटिक ट्रॅकवर काढता आले तर उत्तम.

दिव्यांगांच्या शर्यतींत पायानुसार गट ठरतात: एक पाय गुडघ्याखाली नसेल तर टी-६४, गुडघ्यातून किंवा त्यावर नसेल तर टी-६३. दोन्ही पायांसाठी अनुक्रमे टी-६२ आणि टी-६१ हे गट आहेत. या दोन गटांत ब्लेडसह किती उंची चालेल याची कमाल मर्यादा ठरलेली असल्याने पाते बनवण्यापूर्वीच ती तपासून घ्यावी. या चारही गटांना धावताना कृत्रिम पाय लावावाच लागतो, लंगडी घालत अंतर कापता येत नाही. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये २०२१ साली इटलीच्या आम्ब्रा साबातिनीने टी-६३ ची १०० मीटर शर्यत १४.११ सेकंदांत जिंकली होती. सरावाच्या वहीत ही वेळ पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), शस्त्रक्रियेचे कागद आणि पासपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवावेत. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्पर्धांतून पुढे गेल्यावर भारतीय पॅरालिम्पिक समितीमार्फत आंतरराष्ट्रीय वर्गीकरणासाठी, म्हणजे तुमचा गट ठरवण्यासाठी, नाव जाते. तिथे तज्ज्ञ खुंटाची तपासणी करतात, म्हणून सॉकेट पटकन काढता येईल असे कपडे घालावेत. प्रवासात ब्लेड, जादा लायनर आणि पात्याचे बोल्ट आवळण्याची चावी डोळ्यांसमोर राहील असे सामान लावावे. विमानात चावी केबिनमध्ये नेता येईल का, हे मात्र आधी विचारून घ्यावे.