रोगलाइटचे अभिप्राय वाचताना आधी तास पाहावेत

जगबुडीनंतरच्या उजाड दुनियेत एकट्याने तग धरायचा, भंगारातून शस्त्रे जमवायची, म्यूटंट आणि झोंबींशी दोन हात करायचे आणि मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, अशा धाटणीचा, म्हणजे रोगलाइट प्रकारचा, गेम विकत घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी आपण खेळाडूंचे अभिप्राय उघडतो आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त गोंधळून बाहेर येतो. एकजण लिहितो की प्रत्येक फेरी वेगळी वाटते. त्याच्याच खाली दुसरा लिहितो की तीच तीच पडकी गोदामे पाहून कंटाळा आला. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. पहिल्याने सहा तास खेळलेले असतात, दुसऱ्याने साठ, आणि या प्रकारच्या गेममध्ये सहाव्या तासाचा गेम आणि साठाव्या तासाचा गेम या जवळजवळ दोन वेगळ्या वस्तू असतात. म्हणून अभिप्रायाचा मजकूर वाचण्याआधी त्याच्या वर छापलेला तासांचा आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी. पुढचे बाकीचे सगळे त्या एका सवयीवर उभे आहे.

असे का होते, हे समजण्यासाठी या प्रकाराची घडण थोडी माहीत असावी लागते. 1980 साली आलेल्या ‘रोग’ या गेममध्ये दर वेळी तळघरांची रचना नव्याने तयार होत असे आणि पात्र मेले की सगळे संपत असे. पुढे 2008 साली बर्लिनमधल्या परिषदेत या कुळातल्या गेमची लक्षणे मांडली गेली, त्यांत पाळीपाळीने खेळणे हेही एक होते. आजचे मारधाडीचे गेम त्या व्याख्येत बसत नाहीत, आणि ‘रोगलाइट’ हा शब्द त्यामुळेच रुळला. 2013 च्या ‘रोग लेगसी’मध्ये मेलेल्या योद्ध्याने मिळवलेले सोने त्याच्या वारसाला खर्च करता येते, म्हणजे मरण आले तरी काहीतरी शिल्लक राहते. हे शिल्लक राहणे हाच रोगलाइटचा कणा आहे. परंतु त्याचा अर्थ बहुधा असा की पहिल्या तासात तुमच्या हातात असलेले पात्र अपंगच असते, विसाव्या तासाला ते दणकट झालेले असते, आणि पन्नासाव्या तासाला मिळवण्यासारखे काही उरलेले नसते. अभिप्राय लिहिणारा या वाटेवर नेमका कुठे उभा आहे, हे त्याच्या तक्रारीवरून नव्हे, त्याच्या तासांवरून कळते.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक अभिप्रायासोबत दोन आकडे दिसतात. एक आजवर खेळलेल्या एकूण तासांचा आणि दुसरा अभिप्राय लिहिला त्या वेळच्या तासांचा. या दोहोंतला फरक फार बोलका असतो. चार तासांवर ‘शिफारस करत नाही’ असे लिहून पुढे नव्वद तास खेळलेला माणूस मला त्या गेमबद्दल जितके सांगतो, तितके दहा स्तुतिपर अभिप्राय सांगत नाहीत. त्याची चीड खरी होती, पण ती सुरुवातीच्या दोन-तीन तासांच्या चढणीची होती. याउलट वीस तासांवर भरभरून कौतुक करून पुढे गेमला हातही न लावलेले खेळाडू बरेच दिसू लागले, तर गेमचा आशय वीस तासांतच संपतो असे धरून चालावे. तेवढा वेळ तुम्हाला पुरेसा असेल, तर ती उणीव मुळीच नाही. अभिप्राय खेळलेल्या तासांनुसार गाळून पाहण्याची सोयही तेथे आहे. मी आधी एक ते पाच तासांचे काही, मग पंधरा ते तीसचे काही आणि शेवटी पन्नासच्या वरचे काही असे वाचतो. तीन वेगळ्या गेमचे वर्णन वाचतो आहोत असे वाटले, तर वाचन बरोबर चालले आहे असे समजावे.

तासांनंतर तारीख पाहावी. हे गेम बहुधा अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट अवस्थेत, विक्रीला येतात आणि महिनोन्‌महिने बदलत राहतात. ‘डेड सेल्स’ मे 2017 मध्ये तसा आला आणि ऑगस्ट 2018 मध्ये पूर्ण झाला. त्या मधल्या काळातल्या तक्रारी आजच्या गेमला लावणे अन्यायाचे ठरेल. स्टीम अर्ली ॲक्सेसमधल्या अभिप्रायांवर तशी खूण करते आणि अलीकडच्या तीस दिवसांचा कौल वेगळा दाखवते. एकूण कौल चांगला आणि अलीकडचा वाईट असेल, तर एखाद्या पॅचने, म्हणजे गेममध्ये नंतर केलेल्या बदलाने, काहीतरी बिघडवले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते काय हे शोधायला पाच मिनिटे पुरतात. एकूण कौलाच्या शब्दांवर मात्र फार विसंबू नये. 40 ते 69 टक्के खेळाडूंनी पसंती दिली की स्टीम ‘मिक्स्ड’, म्हणजे संमिश्र, असे लिहिते, आणि या प्रकारात हा शब्द अनेकदा वाईट गेमवर नव्हे, तर फारच ठाम आवडीनिवडीच्या गेमवर लागतो.

आता तक्रारींकडे वळू, कारण खरी माहिती तेथेच असते. सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार म्हणजे गेम अन्याय करतो, अचानक मारतो, मेलो कशाने हेच कळत नाही. ही तक्रार वाचताना एकच प्रश्न विचारावा: पुढच्या वेळी हे मरण टाळता आले असते का? 2015 च्या ‘न्यूक्लिअर थ्रोन’मधला माझा एक प्रसंग सांगतो. वाळवंट ओलांडले, गटारे ओलांडली आणि भंगारखान्याच्या शेवटच्या टप्प्यावर ‘बिग डॉग’ नावाच्या बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला, माझे जेमतेम थोडे आयुष्य शिल्लक असताना पाडले. तो कोसळताच सांडलेल्या, पात्राची पातळी वाढवणाऱ्या किरणोत्सर्गी गोळ्या वेचायला मी धावलो, कारण त्या थोड्याच वेळात नाहीशा होतात. आणि तो स्फोट होऊन फुटला तेव्हा मी त्याला खेटून उभा होतो. त्या क्षणी मी अभिप्राय लिहिला असता तर ‘जिंकल्यावरही मारणारा गेम’ असेच लिहिले असते. दुसऱ्या वेळी मी गोळ्यांचा मोह सोडून लांब उभा राहिलो, स्फोट पाहिला आणि पुढे गेलो. नियम पक्का होता, फक्त मला माहीत नव्हता. अशा मरणाला क्रूर म्हणता येईल, अन्याय्य म्हणता येणार नाही. पडद्याबाहेरून येणारी गोळी, जमिनीच्या रंगात मिसळून जाणारा सापळा, बटण दाबूनही न लागणारी उडी, यांनी आलेले मरण मात्र दहाव्या वेळीही तसेच येते. म्हणून अभिप्रायात ‘अन्याय’ हा शब्द दिसला की त्याच्यापुढे कारण लिहिले आहे का ते पाहावे. कारण नसेल तर तो अभिप्राय बाजूला ठेवावा. तेच कारण चाळीस तास खेळलेल्यानेही लिहिले असेल तर ते गंभीरपणे घ्यावे.

दुसरी तक्रार ग्राइंडची, म्हणजे कायमस्वरूपी अपग्रेड मिळवण्यासाठी त्याच त्या फेऱ्या मारत राहण्याची. ही तक्रार मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती गेमच्या हिशेबावर बोट ठेवते. रोगलाइट बनवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एका वाटेने प्रत्येक मरणागणिक पात्राची ताकद वाढते: जास्त आयुष्य, जास्त मार, जास्त गोळ्या. दुसऱ्या वाटेने ताकद तेवढीच राहते आणि पर्याय वाढतात: नवी शस्त्रे, नवी पात्रे, नवे म्यूटेशन, म्हणजे पात्राला खास गुण देणारे बदल. ‘न्यूक्लिअर थ्रोन’ दुसऱ्या वाटेचा आहे. तेथे पातळी वाढली की चार म्यूटेशनपैकी एक निवडायचे असते आणि मेल्यावर ते सगळे जाते, उरतात ती खुली झालेली पात्रे आणि तुमचा सराव. पहिल्या वाटेच्या गेममध्ये सुरुवातीचे बॉस मुद्दाम तुमच्या आवाक्याबाहेर ठेवलेले असू शकतात, आणि मग ‘कौशल्याने नव्हे, तासांनी जिंकलो’ अशी खंत अभिप्रायांत उमटते. कोणता गेम कोणत्या वाटेचा, हे विक्रीच्या जाहिरातीत क्वचितच स्पष्ट लिहिलेले असते. अभिप्रायांत ते हटकून सापडते. ‘पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत पोहोचलो’ असे लिहिणारा एकही खेळाडू सापडला नाही आणि ‘अमुक अपग्रेड घेईपर्यंत तिसऱ्या भागात जाऊच नका’ असा सल्ला वारंवार दिसला, तर वाट पहिली आहे. ज्यांना दिवसाकाठी अर्धा तासच मिळतो आणि प्रत्येक वेळी काहीतरी पदरात पडावे असे वाटते, त्यांच्यासाठी तीच वाट बरी असते. मला दुसरी प्रिय आहे, आणि हे सांगणे आवश्यक आहे, कारण अभिप्राय देणाऱ्याने आपली आवड लपवली की वाचणाऱ्याची फसगत होते.

भूक, तहान, किरणोत्सर्ग आणि गोळ्यांची टंचाई यांविषयीच्या तक्रारी जगबुडीच्या गेमच्या खास आहेत. येथे दोन प्रकृतींचा झगडा असतो. तग धरण्याचा खेळ तुम्हाला थांबायला, शोधायला आणि जपून वापरायला सांगतो. मारधाडीचा खेळ तुम्हाला धावायला सांगतो. दोन्ही एकत्र आणणारा गेम या झगड्यातून मार्ग कसा काढतो, यावरच त्याचे यश ठरते. 2020 च्या ‘ॲटॉमिक्रॉप्स’ने तो चांगला काढला आहे: दिवसा शेती आणि आसपासच्या छावण्यांवर हल्ले, रात्री पिकांचे रक्षण. दोन्ही कामांना आपापली वेळ दिल्यामुळे ती एकमेकांच्या पायांत येत नाहीत. जेथे भुकेचा काटा लढाईच्या ऐन मध्यात वाजत राहतो आणि खाणे सापडणे निव्वळ नशिबावर असते, तेथे खेळाडू वैतागतात आणि त्यांचा वैताग रास्त असतो. अभिप्राय वाचताना ‘भुकेने मेलो’ आणि ‘भुकेमुळे धोका पत्करावा लागला’ ही दोन वाक्ये वेगळी वाचावीत. दुसऱ्या वाक्यात गेमची रचना काम करते आहे. गोळ्या पुरत नाहीत या तक्रारीचेही तसेच आहे. अनेकदा तिचे उत्तर त्याच पानावर एखाद्या जुन्या खेळाडूने लिहिलेले असते, की दोन बंदुका एकाच प्रकारच्या गोळ्यांच्या बाळगू नका किंवा एक हातघाईचे शस्त्र नेहमी जवळ ठेवा.

सगळे नशिबावर आहे, या तक्रारीबद्दल थोडक्यात एवढेच, की सतत जिंकणाऱ्या खेळाडूंचे अभिप्राय सापडत असतील तर ती तक्रार टिकत नाही.

अवघडपणाबद्दल वाचताना त्या गेममध्ये सवलतीची काही सोय आहे का, हेही शोधावे. ‘हेडीज’मधल्या गॉड मोडमध्ये होणारी इजा सुरुवातीला 20 टक्क्यांनी कमी होते आणि दर मरणाला ही सवलत 2 टक्क्यांनी वाढत जाऊन 80 टक्क्यांवर थांबते. अशी सोय असलेल्या गेमवरची ‘फार कठीण’ ही तक्रार वेगळ्या नजरेने वाचावी लागते, आणि नसलेल्या गेमवरची तीच तक्रार तुमच्या हातांच्या मर्यादांसह तोलावी लागते. ज्यांना बोटांचा किंवा नजरेचा त्रास आहे, त्यांनी अक्षरांचा आकार, पडद्याची थरथर बंद करण्याची सोय आणि बटणे बदलण्याची सोय यांवर लिहिलेले अभिप्राय मुद्दाम हुडकावेत. ते थोडे असतात, पण ते लिहिणारे फार काळजीपूर्वक लिहितात.

एवढे वाचून झाल्यावरही निर्णय होत नसेल, तर स्टीमच्या परताव्याच्या नियमाचा उपयोग करावा. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. रोगलाइटच्या बाबतीत दोन तास तोकडेच, कारण तेवढ्यात शिकवणी आणि चार-पाच मरणे एवढेच होते. त्यामुळे हे दोन तास गेम आवडतो का हे पाहण्यात न घालवता वाचलेल्या तक्रारी तपासण्यात घालवावेत. पहिल्या दहा मिनिटांत सेटिंग उघडून बटणे आणि फ्रेम रेट, म्हणजे चित्र किती सुरळीत हलते ते, पाहावा. नंतर प्रत्येक मरणानंतर क्षणभर थांबून मेलो कशाने हे एका ओळीत कागदावर टिपावे. पाच मरणांपैकी चारांचे कारण लिहिता आले, तर गेम तुमच्याशी प्रामाणिकपणे वागतो आहे. शेवटी अपग्रेडच्या पडद्यावर जाऊन सर्वांत महाग अपग्रेडची किंमत पाहावी, एका फेरीत सरासरी किती कमाई झाली त्याने तिला भागावे, आणि येणाऱ्या फेऱ्यांचा आकडा तुम्हाला मान्य आहे का हे ठरवावे. ग्राइंडबद्दलच्या शंभर अभिप्रायांपेक्षा हा एक भागाकार जास्त सांगतो.

आणि गेम ठेवून घेतलात, तर तुमचा अभिप्रायही लिहावा, मात्र पहिल्या मरणाच्या तिरीमिरीत नको आणि पहिल्या विजयाच्या भरातही नको. पहिल्या ओळीत किती तासांवर लिहीत आहात, गेम कोणत्या अवस्थेत आहे आणि कीबोर्डवर खेळलात की कंट्रोलरवर, एवढे सांगावे. त्यानंतर एक मरण आणि एक विजय सविस्तर लिहावा: कुठल्या भागात, हातात काय होते, काय चुकले किंवा काय साधले. दहा तासांनी मत बदलले तर जुना मजकूर पुसू नये. त्याच्या खाली नवे तास घालून नवे मत जोडावे, म्हणजे दुसऱ्या तासावर अडकलेल्या वाचकाला तुमचा दुसरा तासही दिसेल आणि बारावाही.