देवमाशांच्या अभयारण्यांचा नकाशा करताय? या चुका टाळा

दक्षिण महासागर अभयारण्याची सीमा म्हणजे ४० अंश दक्षिण अक्षवृत्त, एवढं वाचून बरेच जण ध्रुवाभोवती एक वर्तुळ काढून मोकळे होतात. मग हिंदी महासागर अभयारण्याचा थर टाकला की दोन्ही एकमेकांवर चढतात. डेटाला दोष देऊ नका. हिंदी महासागर अभयारण्य १९७९चं आणि त्याची दक्षिण हद्द ५५ अंशांवर. १९९४मध्ये दक्षिण महासागराचं घोषित झालं तेव्हा २० ते १३० अंश पूर्व रेखांशांदरम्यान ते या जुन्या हद्दीपासूनच सुरू केलं. दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, १३० ते ५० अंश पश्चिम या पट्ट्यात, सीमा थेट ६० अंशांपर्यंत खाली उतरते. देवमासे काही असे काटकोनात वळत नाहीत. या रेघा देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगातल्या मतदानातून आल्या आहेत.

कोपरे बरोबर असूनही आकृती बिघडली? १८० रेखांश तपासा. १३० पूर्वेकडून १३० पश्चिमेकडे जाताना सॉफ्टवेअर उलट्या बाजूने अख्ख्या नकाशावर आडवी रेघ मारतं. आकृती १८० अंशांवर तोडून दोन तुकडे करा. ध्रुवीय प्रक्षेपणात, म्हणजे ध्रुव मध्यभागी ठेवून काढलेल्या नकाशात, दोन कोपऱ्यांमध्ये अंशाअंशावर बिंदू भरा, नाहीतर कमानीऐवजी सरळ जीवा पडते आणि सीमा ध्रुवाकडे सरकते.

आता त्यावर देवमासे दिसल्याच्या नोंदी. इथली चूक जास्त महागात पडते, कारण ती दिसत नाही. टिंबं दाट असतात तिथे आधी जहाजं जास्त फिरलेली असतात. अंटार्क्टिकाजवळ हिवाळ्यात बर्फ आणि अंधार, म्हणून बहुतेक नोंदी उन्हाळ्याच्या. सर्वेक्षण किती किलोमीटर झालं ते सोबत नसेल, तर कोऱ्या जागेला ‘प्राणी नाहीत’ म्हणू नका. किनाऱ्याला लागलेले मृत देवमासे वेगळ्या रंगात दाखवा. प्रवाह त्यांना कुठून कुठे नेतो. अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे दक्षिण गोलार्धातल्यांसोबत एकाच हंगामी नकाशात कोंबू नका. ते बारमाही तिथेच राहतात, आणि त्यांचा विणीचा काळ उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात येतो.

नकाशाच्या चिन्हसूचीत ‘संरक्षित क्षेत्र’ असं मोघम लिहू नका. ‘व्यावसायिक शिकारीस बंदी’ असं लिहा. जहाजांची धडक आणि मासेमारीची जाळी या बंदीत येत नाहीत. श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांच्या वावराच्या जागेतून मोठा जहाजमार्ग जातो, आणि तो भाग १९७९पासून अभयारण्यातच आहे.