टेक्सासच्या वेटरन्स कोर्टात अर्ज करण्याआधी

वेटरन्स कोर्ट म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या माजी सैनिकांसाठीचं, उपचारांवर भर देणारं कोर्ट. ओळखपत्र, आरोपाची प्रत, पुढची तारीख हे जवळ असेलच. आता डीडी-२१४, म्हणजे फौजेतून सुटल्याचा दाखला, काढा आणि खाली कोपऱ्यात ‘मेंबर-४’ छापलंय का ते बघा. ‘मेंबर-१’ असेल तर चालणार नाही. त्या आखूड प्रतीत डिस्चार्जचा शेरा नसतो, सेवेतून कमी केल्याचं कारणही नसतं, आणि छाननी करणारा आधी तेच शोधतो. प्रत नसेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे एसएफ-१८० हा मागणीचा अर्ज पाठवा. प्रत ‘अनडिलीटेड’, म्हणजे काही न खोडलेली, हवी. ‘डिलीटेड’च्या चौकोनावर खूण करू नका. सही विसरलात तर अर्ज परत येतो. नॅशनल गार्डवाल्यांनी एनजीबी-२२ हा गार्डमधल्या सेवेचा दाखला सुद्धा काढावा.

शेरा ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्माननीय नाही असा) असला म्हणून आपणच माघार घेऊ नका. व्हीएची (माजी सैनिकांसाठीचं सरकारी खातं) पात्रता वेगळी, कोर्टाची वेगळी, आणि काउंटीगणिक नियम बदलतात. विचारायचं कोणाला? व्हीएच्या व्हेटरन्स जस्टिस आउटरीच स्पेशालिस्टला, म्हणजे कोर्टात अडकलेल्या माजी सैनिकांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला. तोही पहिल्यांदा डीडी-२१४च मागेल. मेंबर-४, परत सांगतो.

डॉक्टरांच्या पत्रात ‘पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) आहे’ एवढीच ओळ असेल तर ते पत्र कुचकामी. टेक्सासच्या कायद्यातला नेहमीचा मार्ग असा: आजार किंवा मेंदूची इजा सेवेत किंवा सेवेमुळे झालेली हवी, आणि तिचा या गुन्ह्याशी संबंध हवा. कुठली तैनाती, काय घडलं, त्रास कधीपासून, गुन्ह्याच्या वेळच्या वागण्यात तो कसा उतरला, हे पत्रात सलग यायला हवं. सरकारी वकिलाची संमतीही लागते. ती नसेल तर पुढचं सगळं फुकट. त्याच्याकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात सगळ्यात वर काय ठेवायचं? मेंबर-४.

ग्रीन कार्डवर फौजेत गेलेल्यांनी (आपल्याकडची मुलंही यात आहेत) कबुलीवर सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठावा. पुढे खटला निकाली निघाला तरी गुन्ह्याची कबुली आणि कोर्टाने घातलेली बंधनं मिळून इमिग्रेशनच्या लेखी ती दोषसिद्धीच (कन्व्हिक्शन) ठरू शकते. फौजदारी वकिलाच्या हे ध्यानात असेलच असं धरून चालू नका.

बाकी भराभर: उपचाराची माहिती कोर्टाला देण्याचा संमतीफॉर्म, व्हीएचा १०-५३४५. किमान सहा महिने हजेऱ्या, लघवीच्या तपासण्या, मेंटॉरच्या भेटी. लायसन्स निलंबित असेल तर कोण नेणार-आणणार ते आधी ठरवा, कामावरही सांगून ठेवा.