लघवीची घाई आवरावी कशी, आणि पिशवी पूर्ण रिकामी करावी कशी

लघवीची जोराची घाई झाली की माणूस पळत सुटतो आणि दाराशी पोचेपर्यंत थोडी गळतेच. पुढच्या वेळी असं नको म्हणून मग तो आधीच जाऊन येतो. बाहेर पडताना एकदा, पोचल्यावर एकदा, झोपण्याआधी दोनदा. अशाने पिशवी, म्हणजे मूत्राशय, जेमतेम भरली तरी कळ यायची सवय लागते. ही सवय मोडता येते, पण त्यासाठी पिशवी कोणाचं ऐकते ते आधी समजून घ्यायला हवं.

मूत्राशयाची भिंत म्हणजे डिट्रूसर नावाचा स्नायू. मूत्रपिंडांतून लघवी येत राहते तसा तो सैल राहून ताणला जातो. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावतं. पहिली जाणीव मात्र १५० ते २०० च्या आसपास होते, म्हणजे तेव्हा बरीच जागा शिल्लक असते. बाहेरच्या वाटेवर दोन झडपा आहेत. आतली, पिशवीच्या तोंडाशी असलेली, आपल्या ताब्यात नाही. बाहेरची, मूत्रमार्गाला वेढणारी, आपल्या इच्छेने आवळते आणि सुटते.

पाठीच्या कण्यात छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून येणाऱ्या सिंपथेटिक नसा पिशवी सैल आणि आतली झडप बंद ठेवतात. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून येणाऱ्या पॅरासिंपथेटिक नसा पिशवीला आकुंचन पावायला लावतात. बाहेरच्या झडपेकडे जाणारी पुडेंडल नसही त्रिकास्थीतूनच निघते. ‘आता सोड’ हा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्रातून सुटतो. ते १९२५ मध्ये बॅरिंग्टन या ब्रिटिश सर्जनने मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं. या केंद्राला परवानगी देणं किंवा थोपवून धरणं हे काम कपाळामागच्या मेंदूचं. आणि आपल्या कामाची खरी गोष्ट अशी, की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले की डिट्रूसर आपोआप ढिला पडतो. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

सुरुवात करण्याआधी एक अट. लघवीला जळजळ, ताप, रक्त, बारीक किंवा तुटक धार, पूर्ण झाली नाही असं वाटणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. मधुमेह जुना असेल किंवा प्रोस्टेट (पुरुषांच्या पिशवीच्या तोंडाशी असणारी ग्रंथी) वाढलेली असेल तरीही. लघवीची तपासणी आणि लघवी करून आल्यावरची सोनोग्राफी केली की पिशवीत किती उरतं ते कळतं. जी पिशवी रिकामीच होत नाही, तिला आणखी थांबवून धरणं चुकीचं आहे.

पहिली पायरी: तीन दिवसांची नोंद. मापाचं भांडं घ्या. दर वेळी वेळ, मिलिलिटर, घाई किती होती आणि गळलं का, एवढं लिहा. ही पायरी लोक टाळतात, पण निम्मं निदान इथेच होतं. दर वेळी घाई प्रचंड आणि भांड्यात जेमतेम ८० मिलिलिटर असेल, तर पिशवी भरण्याआधीच कळ येते आहे. दर वेळी ४०० च्या वर आणि तेही दिवसातून दहा वेळा असेल, तर लघवीच जास्त तयार होते आहे. मग पाणी किती पिता ते पाहा आणि रक्तातली साखर तपासून घ्या.

दुसरी पायरी: स्नायू ओळखणं. गॅस अडवताना गुदद्वाराभोवती जे आत-वर ओढलं जातं, तेच हे स्नायू. पोट, मांड्या, नितंब हलू देऊ नका, श्वास रोखू नका. पाच सेकंद आवळा, मग तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. अर्नोल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, पण ते पुरुषांच्याही उपयोगाचे आहेत. चालू धार मध्येच थांबवून सराव मात्र करू नका. त्याने पिशवीला उलटसुलट संदेश जातात.

तिसरी पायरी: कळ आली की थांबा. जिथे असाल तिथे उभे राहा, शक्य असेल तर बसा. तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा. मग संथ श्वास घ्या आणि शंभरपासून सात-सात वजा करत उलटे आकडे मोजा. कळ चढते, शिगेला पोचते आणि ओसरते. पळणारा माणूस ती नेमकी शिगेला असताना धक्के खात निघतो. ओसरू द्या, मग चालत जा. पहिले काही दिवस हे जमणार नाही. तरीही करत राहा.

चौथी पायरी: अंतर वाढवणं. नोंदीत जे नेहमीचं अंतर दिसलं, तिथून सुरू करा. एक तास असेल तर ठरवून तासाने जा. आठवडाभर ते जमलं की १५ मिनिटं वाढवा. तीन-चार तासांपर्यंत पोचलात की पुरे. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. रात्री जाग आली तर सरळ जाऊन या, तिथे हा नियम नको. पाणी तोडू नका, कारण गडद लघवीने पिशवी आणखी चिडते. चहा-कॉफी कमी करून पाहा.

पाचवी पायरी: रिकामं करणं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाहेरची झडप सैल पडते, मूत्रमार्गातला दाब उतरतो आणि त्यानंतर पिशवी आकुंचन पावते. म्हणून कुंथायचं नाही. जोर लावला की अनेकदा तळाचे स्नायू उलट आवळले जातात. पूर्ण टेकून बसा, पाय जमिनीवर, गुडघे अलग, थोडं पुढे झुकून. सीटच्या वर अधांतरी राहिलात तर हे स्नायू ताणलेलेच राहतात. श्वास सोडा आणि धार आपोआप सुरू होऊ द्या. संपल्यावर अर्धा मिनिट थांबून, थोडं मागे-पुढे झुकून पुन्हा प्रयत्न करा.

बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी इलाज करा. भरलेलं मोठं आतडं पिशवीवर आणि तळाच्या स्नायूंवर दाब आणतं. सर्दीच्या गोळ्यांकडेही लक्ष द्या. नाक मोकळं करणारी काही औषधं आतली झडप आवळतात, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी त्यामुळे तुंबू शकते. टॅमसुलोसिनसारखी औषधं नेमकी तीच झडप सैल करतात.

ओटीपोट गच्च भरलं आहे आणि लघवी होतच नाही, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर गुदद्वाराभोवती किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायांतली ताकद गेली किंवा लघवीची जाणीवच नाहीशी झाली, तर त्रिकास्थीकडे जाणाऱ्या नसा दबल्याची शक्यता असते. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचं नुकसान करू शकतो. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.