घातांक चुकतो कुठे? फर्मी प्रश्नांच्या तयारीत या चुका टाळा

पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांत मिळून पाण्याचे रेणू किती? असा अंदाजाने सोडवायचा प्रश्न म्हणजे फर्मी प्रश्न. अशा प्रश्नांच्या स्पर्धेत याचं उत्तर म्हणून एकच पूर्णांक लिहायचा असतो, दहाचा घातांक. अमेरिकेतल्या सायन्स ऑलिम्पियाडमध्ये या प्रकारात कॅल्क्युलेटर चालत नाही. घातांक बरोबर आला तर ५ गुण, एकाने हुकला तर ३, दोनाने हुकला तर १. त्यापलीकडे काही नाही.

बहुतेक मुलं याची तयारी म्हणजे आकडे पाठ करणं समजतात. आकडे लागतातच, पण गुण जातात ते बहुधा घातांक हाताळताना. माहीत असलेली गोष्ट वाटेत सांडते, याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण या चुका सरावाने नक्की सुटतात.

प्रत्येक पायरीवर पूर्णांक करणं

सर्वांत महागडी चूक हीच. समजा गणितात पाच राशींचा गुणाकार आहे आणि प्रत्येकीचा सहगुणक (दहाच्या घाताआधीचा आकडा) ४ आहे. ‘४ म्हणजे साधारण १’ असं म्हणत तुम्ही पाचही वेळा तो सोडून दिलात. पण ४ × ४ × ४ × ४ × ४ = १०२४. म्हणजे तीन घातांक हातचे गेले आणि एकही तथ्य चुकलेलं नसताना गुण शून्य.

उपाय लॉगचा, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ती संख्या येते त्या आकड्याचा. २ चा लॉग ०.३०, ३ चा ०.४८, ५ चा ०.७०, ७ चा ०.८५. एवढे चार पाठ असले की बाकीचे त्यांतूनच निघतात: ४ चा ०.६०, ६ चा ०.७८. मग गुणाकाराऐवजी बेरीज करायची, भागाकाराऐवजी वजाबाकी, आणि पूर्णांक फक्त शेवटी, एकदाच.

महासागरांचंच उदाहरण घेऊ. आकारमान सुमारे १.३ × १०^९ घनकिलोमीटर, म्हणजे १.३ × १०^१८ घनमीटर, म्हणजे १.३ × १०^२४ ग्रॅम पाणी. लॉग २४.१. एक मोल पाणी १८ ग्रॅमचं, म्हणून १.२६ वजा: २२.८४. एका मोलमधल्या रेणूंची संख्या, म्हणजे ॲव्होगॅड्रो अंक, ६.०२ × १०^२३, म्हणून २३.७८ अधिक: ४६.६२. उत्तर ४६ की ४७?

पूर्णांक करण्याचा नियम न वाचणं

ते नियमावर ठरतं. घातांकांच्या मापाने पाहिलं तर १ आणि १० यांचा मध्य ५ नव्हे, १० चं वर्गमूळ म्हणजे ३.१६ आहे (लॉग ०.५०). ही सीमा धरली तर ४६.६२ चे ४७ होतात. ‘सहगुणक ५ किंवा जास्त असेल तर पुढचा घातांक’ असा नियम असेल तर सीमा लॉग ०.७० वर येते आणि उत्तर ४६ राहतं. दोन्ही रीती वापरात आहेत, म्हणून स्पर्धेची नियमावली आधी वाचा आणि सराव त्याच सीमेने करा.

ऋण घातांकांत इथेच आणखी एक घसरगुंडी आहे. ६ × १०^-८ वर सरकवायचं तर उत्तर -७ येतं. घाईत -९ लिहिणारे खूप असतात. ‘वर’ म्हणजे शून्याकडे, हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत अशी दहा-वीस उदाहरणं सोडवा.

एकक बदलताना घन विसरणं

एक किलोमीटर म्हणजे १०^३ मीटर, पण एक घनकिलोमीटर म्हणजे १०^९ घनमीटर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही घाईत चुकतं. त्रिज्येच्या जागी व्यास घेतला तर आकारमान आठपट होतं, म्हणजे जवळजवळ एक अख्खा घातांक. म्हणून प्रत्येक संख्येपुढे एकक लिहा, कच्च्या कामातही.

कमाल आणि किमान यांचा साधा मध्य काढणं

काहीच सुचत नाही तेव्हा ‘१०० पेक्षा नक्की जास्त, दहा लाखांपेक्षा नक्की कमी’ एवढं तरी सांगता येतं. इथे बेरीज करून दोनाने भागलं तर पाच लाख येतात, म्हणजे वरच्या टोकाला चिकटलेलं उत्तर. घ्यायचा तो भूमितीय मध्य. घातांक २ आणि ६, त्यांच्या मधला ४. फर्मी प्रश्नाची जागा कधीही कोरी सोडू नका. (चुकीच्या उत्तराला गुण कापत असतील तर गोष्ट वेगळी, तेही नियमांत पाहा.)

प्रचंड घातांकांत ढिलाई

२^१० म्हणजे साधारण १०^३, ही युक्ती सुंदर आहे. पण २^१००० विचारलं तर? तिच्याने ३०० येतं, खरं उत्तर ३०१. दर टप्प्यावर राहिलेले २.४ टक्के शंभर वेळा गुणले गेले की दहापटीहून थोडे जास्त होतात. घात मोठा असेल तर लॉगचा तिसरा दशांशही घ्यावा लागतो: ०.३०१, ०.४७७, ०.८४५. इतर प्रश्नांत मात्र एवढ्या अचूकतेच्या मागे लागणं म्हणजे वेळ घालवणं.

या प्रश्नांना ज्यांचं नाव आहे त्या भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी अणुचाचणीत कागदाचे तुकडे हातातून सोडले आणि स्फोटाच्या लाटेने ते किती सरकले यावरून स्फोट सुमारे १० किलोटन टीएनटीइतका असल्याचा अंदाज केला. आज तो २० ते २५ किलोटन मानला जातो. टनांत लिहिलं तर घातांक दोन्हीकडे ४ च.

एकाच वाटेवर विश्वास

वातावरणाचं वस्तुमान काढायचं आहे. दाब १०^५ पास्कल, पृथ्वीचं क्षेत्रफळ ५ × १०^१४ चौरस मीटर. गुणाकाराला गुरुत्वत्वरण १० ने भागलं की ५ × १०^१८ किलोग्रॅम. आता दुसरी वाट: जमिनीलगत हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, आणि सगळी हवा याच घनतेची मानली तर थर साधारण ८ किलोमीटरचा. घनता, थराची जाडी आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार पुन्हा ५ × १०^१८ च्या आसपास. दोन वाटा एकाच ठिकाणी आल्या की उत्तर निःशंक लिहावं. प्रत्येक प्रश्नाला एवढा वेळ मिळत नाही, पण सरावात ही सवय लावलीच पाहिजे.

चुकलं ते नुसतं खोडून पुढे जाणं

सराव तपासताना ‘चूक’ एवढंच लिहू नका. कितीने आणि कोणत्या बाजूला चुकलं ते चिन्हासह लिहा. आकडाच कारण सांगतो. बरोबर ३ चा फरक असेल तर किलोग्रॅम-ग्रॅम किंवा किलोमीटर-मीटर पाहा. ६ असेल तर क्षेत्रफळ, ९ असेल तर आकारमान. साडेसातच्या आसपास असेल तर वर्षाचे सेकंद राहिले (३.१५ × १०^७, लॉग ७.५०). २३-२४ असेल तर मोलवरून रेणूंवर आलाच नाहीत. फरक नेहमी एकाचाच आणि नेहमी ऋण असेल तर तुम्ही वाटेत सहगुणक गाळताय, पहिल्या चुकीकडे परत जा.

जोडीने भाग घेत असाल तर सरावात दोघांनी एकमेकांचं न पाहता सोडवावं आणि मग घातांक जुळवावेत. एकाचा फरक असेल तर वाद घालत बसू नका, ज्याने कमी गृहीतकं धरली त्याचं उत्तर लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. तीन किंवा जास्त असेल तर थांबून एककं तपासा.