क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये ५० जणांचा क्लॅन चालवायचाय? कोलीडरला पद नको, काम द्या

क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइलवरचा गेम, अन् क्लॅन म्हणजे त्यातला खेळणाऱ्यांचा गट. क्लॅनमध्ये ५० जण भरले की एकट्या लीडरच्यानं ते निभत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. गेमनं मेंबर, एल्डर, कोलीडर अन् सगळ्यात वर एक लीडर अशी शिडी दिलीय, पण कुणी काय करायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतंय.

बऱ्याच क्लॅनमध्ये काय होतंय, जो जुना तो कोलीडर, जो लीडरचा दोस्त तो कोलीडर, ज्यानं चारदा मागितलं तो पण कोलीडर, असं करत करत दहा-बारा जण होऊन बसतात अन् मग वॉर, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी लढाई, कुणी लावायची हेच कुणाला माहीत नसतंय, प्रत्येकाला वाटतंय दुसऱ्यानं लावली असेल. त्यात कोलीडरला एल्डर अन् मेंबर दोघांनाही किक करता येतंय, म्हणजे दोन कोलीडरचं वाजलं की भलतीच माणसं बाहेर जातात. माझं सरळ मत आहे, चार कोलीडर बास झाले. एकाकडं वॉर, एकाकडं लीग (दर महिन्याची क्लॅन-क्लॅनमधली स्पर्धा), एकाकडं भरती, एकाकडं कॅपिटलचा, म्हणजे क्लॅनच्या सामाईक गावाचा, रेड वीकेंड. कुणाकडं काय आहे ते क्लॅनच्या माहितीत लिहून टाका, म्हणजे नवीन पोरगं आलं तरी कुणाला विचारायचं ते त्याला कळेल.

वॉरवाला माणूस असा निवडा ज्याला आपल्या पोरांची वेळ माहीत आहे. अटॅक भारी करतो म्हणून त्याला हे काम देऊ नका, ते वेगळं आणि हे वेगळं. वॉरमध्ये तयारीचे २३ तास अन् लढाईचे २४ तास, प्रत्येकाला २ अटॅक. आता आपल्या सोलापुरात कोण यंत्रमागावर रात्रपाळीला, कोण एमआयडीसीत दिवसपाळीला, कोण कॉलेजला, निम्मे तर नोकरीसाठी पुण्यात. रात्री १० ला वॉर लावली तर दुसऱ्या दिवशी रात्री ९ ला लढाई चालू होते अन् त्याच्या पुढच्या रात्री ९ पर्यंत चालते, मग दिवसपाळीवाले जेवण करून पहिल्या रात्रीच अटॅक मारतात अन् रात्रपाळीवाले दुसऱ्या दिवशी झोप काढून उठल्यावर मारतात. सकाळी ११ ला लावलेली वॉर कामावरच्या माणसाला फार अवघड जाते.

ज्यानं प्रोफाइलवर वॉरसाठी लाल (म्हणजे 'मला घेऊ नका') ठेवलंय त्याला घ्यायचं नाही म्हणजे नाही, संख्या कमी पडली तरी नाही, १५ ऐवजी १० ची लावा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसात तर आधीच सांगून ठेवा, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असलेल्या पोराकडून अटॅकची अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

खरी भांडणं लागतात ती लीगच्या बोनस मेडलवरून. महिन्याच्या सुरुवातीला सात दिवस, रोज एकच अटॅक, शेवटी बोनस मोजक्याच लोकांना मिळतो अन् तो लीडर-कोलीडरच्या हातानं वाटला जातोय, म्हणून संशय येतोच. उपाय एकच, नियम लीग सुरू व्हायच्या आधी क्लॅन मेलमध्ये टाकायचा. असा:

"लीग १५ ची. सातही दिवस अटॅक करणाऱ्याला बोनसमध्ये पहिला मान. तारे त्यानंतर बघू. अटॅक सोडला तर बोनस नाही, कोलीडर असला तरी नाही."

नुसते तारे (अटॅकला मिळणारे गुण) का मोजायचे नाहीत तर, ज्याला आपण सांगून समोरच्या क्लॅनच्या वरच्या अवघड बेसवर (गावावर) पाठवतो त्याचे तारे कमीच येणार, मग पुढच्या महिन्यात कोण वर जाईल? अन् शेवटचा शब्द वाचा परत, कोलीडर असला तरी नाही. हे एकदा खरोखर पाळून दाखवलं की चॅटमधली कुरकुर आपोआप निम्मी होते. यादीत १५ पेक्षा जास्त नावं ठेवता येतात, रोज माणसं बदलता येतात, तर बाहेर बसलेल्यालाही एखाद-दोन दिवस खेळवा.

भरतीसाठी एल्डर वापरा, पण शहराचा विचार करून. पूर्व भागातला तेलुगू बोलणारा एक, कन्नड येणारा एक, असे असले की नवीन पोरगं पहिल्याच दिवशी मोकळं होतं. किकचं मात्र पक्कं ठरवा, दोन कोलीडरची हो आल्याशिवाय कुणालाच काढायचं नाही, अन् चॅटवर शिवीगाळ झाली तर आधी त्या माणसाला व्हॉट्सॲपवर वेगळं विचारायचं, रात्री तापलेल्या डोक्यानं बटण दाबायचं नाही. दोनदा वॉर घेऊन अटॅक न मारणाऱ्याला एकदा सांगा, नंतर लीगच्या यादीतून बाजूला ठेवा, लगेच हाकलू नका, घरात काय चाललंय आपल्याला माहीत नसतंय.

लीडरला परीक्षा, लग्न, नोकरी काहीही येऊ शकतं, तेव्हा आयडीचं लॉगिन कुणाला देऊ नका. कोलीडरला लीडर केलं की जुना लीडर आपोआप कोलीडर होतो, म्हणजे परत यायची वाट मोकळीच असते. फक्त हे महिनाभर आधी क्लॅनला सांगा, लीगच्या मधल्या आठवड्यात करू नका, अन् नव्या लीडरची पहिली वॉर त्याला स्वतःच्या मनानं लावू द्या, जुन्यानं त्या वॉरमध्ये चॅटवर ऑर्डर सोडायची नाही.