फॅमिली कोर्टासाठी वकील शोधताय? या चुका टाळा

माझी केस पुण्यात शिवाजीनगरला चार वर्षं चालली, तेव्हापासून नात्यातल्या सगळ्यांना वाटतं की मी अर्धी वकील झालेय. "ताई, एखादा चांगला वकील सांग ना" असा फोन आला की मी आधी विचारते, आत्तापर्यंत काय घोळ घातलास ते सांग. घोळ दरवेळी तेच.

पहिला म्हणजे ओळखीचा वकील. मीही तेच केलं. मामांच्या ओळखीतले होते, माणूस भला, जमिनीच्या वाटपाच्या दाव्यांत नाव कमावलेला, पण फॅमिली कोर्टाची पायरी वर्षातून दोनदा चढणारा. अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असताना मिळणाऱ्या पोटगीचा, अर्ज टाकलाय म्हणाले, मी ऐकलं. दर तारखेला ज्युनिअर यायचा, पुढची तारीख घ्यायचा, मी घरी. सात महिने! एका रात्री झोप येईना म्हणून ईकोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या सरकारी ॲपवर केसचा सीएनआर नंबर टाकला तर अर्जाचा पत्ताच नाही. सकाळी विचारलं तर "अगं, टायपिंगला आहे." आणि पोटगीच्या अर्जासोबत दोघांनीही मालमत्ता-देण्यांचं शपथपत्र द्यायचं असतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय, ते त्यांना मीच सांगितलं. त्याच निकालात असंही आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे अर्ज नाही तर ते सात महिने गेलेच, मुलीची फी बाबांच्या पेन्शनमधून भरली.

तेव्हापासूनची माझी सवय, तारखेच्या दिवशी संध्याकाळी चहा घेताना ॲप उघडायचं. आणि काहीही दाखल झालं की शिक्का मारलेल्या कॉपीचा फोटो मागायचा, वकिलाला राग आला तर येऊ दे. वकील ठरवायच्या आधी एक सकाळ कोर्टाच्या पॅसेजमध्ये बसून काढा, रोज तिथे कोण असतं ते दिसतं. एवढा वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी नंबरच देत नाही.

"दोन महिन्यांत मोकळं करतो" म्हणणारा भेटला तर चहा पिऊन उठा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते, २०१७ चा निकाल आहे, पण ते कोर्ट ठरवतं, वकील नाही. नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर सह्या करून 'झाला घटस्फोट' म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, तसल्या कागदावर लोक दुसरं लग्न करून बसतात.

फी आधीच विचारा, पूर्ण केसची की तारखेवारी. मिळणाऱ्या पोटगीतले टक्के मागणारा नकोच, वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पण "फुकटचा नको बाई" म्हणत कर्ज काढणाऱ्या मी पाहिल्यात.

वकील बदलायला घाबरू नका. जुन्याकडून एनओसी घ्यायची, आणि फी थकली म्हणून तो फाइल अडवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० मध्येच सांगितलंय. मी माझी फाइल आणली, रिक्षातच उघडली. आत पोटगीचा अर्ज होता, दीड पान टाइप केलेला, तारखेची जागा कोरी.